शब्दकोड्यातील 'संकट' : समानार्थी शब्दांच्या सूत्राची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी दैनिकांच्या पुरवण्या, साप्ताहिके आणि दिवाळी अंक यांतून प्रसिद्ध होणारे शब्दकोडे हा वाचकांच्या नित्य परिचयाचा प्रकार आहे. 'आडवे शब्द' आणि 'उभे शब्द' अशा दोन याद्या, त्यांतील एकेका ओळीची शोधसूत्रे आणि काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे जाळे एवढाच त्याचा संसार असतो. करमणुकीचा प्रकार म्हणून साहित्यसमीक्षेच्या कक्षेत तो सहसा धरला जात नाही. तथापि शब्दाचा अर्थ काय, एका शब्दाऐवजी दुसरा केव्हा चालतो, या प्रश्नांची उत्तरे शब्दकोडे नियमितपणे आणि अधिकारवाणीने देत असते. शाळेतील 'समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न आणि स्पर्धा परीक्षांतील मराठीचा पेपर यांच्याइतकाच शब्दकोड्याचाही भाषिक संस्कार वाचकावर होतो. म्हणून त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत लेखात या चिकित्सेसाठी एकच शब्दगट निवडला आहे. तो म्हणजे संकट, त्रास, कष्ट, हाल, यातना, जाच इत्यादी पीडावाचक शब्दांचा. हा गट मराठीत अत्यंत समृद्ध आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवल्याने काय हरवते, हे याच गटात सर्वांत स्पष्टपणे दिसते.

शब्दकोड्याची पूर्वपीठिका

आधुनिक शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत झाला. मूळचे लिव्हरपूलचे असलेले ऑर्थर विन यांनी रचलेल्या त्या कोड्याचा आकार पतंगासारखा होता. १९२४ साली शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि हा प्रकार जगभर पसरला. लंडनच्या 'टाइम्स'ने १९३० साली आपले पहिले शब्दकोडे छापले.

इंग्लंडमध्ये या प्रकाराला वेगळे वळण मिळाले. तेथील रचनाकारांनी सरळ अर्थ सांगण्याऐवजी श्लेष, अक्षरांची उलटापालट आणि फसवी वाक्यरचना यांचा आश्रय घेणारी गूढ शोधसूत्रे विकसित केली. 'ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकातील एडवर्ड पॉइस मॅथर्स हे 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने कोडी रचीत. त्यांच्यानंतर आलेले डी. एस. मॅकनट यांनी 'झिमेनीस' हे नाव घेतले. ही दोन्ही नावे स्पेनमधील इन्क्विझिशनच्या प्रमुखांची आहेत. वाचकाला छळणे हे आपले कामच आहे, अशी ही मिस्कील कबुली होय. मात्र याच मॅकनट यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रचनाकाराच्या प्रामाणिकपणाचा आग्रह धरला. सूत्र वाचकाला फसवू शकते, परंतु त्यातील अर्थकथन अचूकच असले पाहिजे, असे त्या आग्रहाचे सार सांगता येईल. सूत्र आणि उत्तर किमान एका वाक्यात तरी परस्परांच्या जागी बसले पाहिजे, ही कसोटी त्यातूनच निघते. पुढील विवेचनात हीच कसोटी मराठी पीडावाचक शब्दांना लावून पाहिली आहे.

अक्षर, चौकोन आणि निवड

इंग्रजी शब्दकोड्यात एका चौकोनात सव्वीसपैकी एक वर्ण येतो. मराठीत चौकोनाचे एकक 'अक्षर' हे आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर एका चौकोनात बसते. चौतीस व्यंजनांची बाराखडी धरली तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात. जोडाक्षरे त्याखेरीज वेगळी. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एकाच चौकोनात जुळवणे मराठी रचनाकाराला बरेच कठीण जाते.

या अडचणीचा परिणाम शब्दांच्या निवडीवर होतो. 'संकट (तीन अक्षरे)' असे शोधसूत्र घेतल्यास आपदा, विपदा, आपत्ती, विपत्ती, आफत, अरिष्ट ही सर्व उत्तरे संभवतात. मधल्या चौकोनात उभ्या शब्दाने 'फ' दिला तर उत्तर 'आफत' ठरते. 'प' दिला तर चार उत्तरे शिल्लक राहतात आणि पहिले व शेवटचे अक्षर मिळेपर्यंत निर्णय होत नाही. या संपूर्ण प्रक्रियेत अर्थाचा वाटा नगण्य असतो. वाचक 'आपदा' लिहितो, कारण 'दा' हे अक्षर खाली 'दाखला' या शब्दाशी जुळते. 'आपदा' आणि 'आफत' यांच्यातील अर्थभेदाचा त्याला विचारच करावा लागत नाही.

आपदा, विपदा, आपत्ती आणि विपत्ती हे चारही शब्द 'पद्' या एकाच धातूपासून 'आ' व 'वि' हे उपसर्ग लागून सिद्ध झाले आहेत. या भावंडांपुरते सूत्र न्याय्य म्हणता येईल. परंतु 'आफत' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द त्यांच्या पंक्तीत बसवताना अडचण येते. 'आपत्ती' हा शब्द आज शासकीय परिभाषेचा भाग आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची घटना अशी आपत्तीची व्याख्या केलेली आहे. २०२० साली कोविड-१९ च्या टाळेबंदीचे आदेश याच अधिनियमाखाली निघाले. 'आफत व्यवस्थापन' असे कोणी म्हणणार नाही. उलट, न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला घरातील माणूस 'आफत' म्हणेल, 'आपत्ती' म्हणताना मात्र तो थट्टाच करीत असेल.

समानार्थित्वाची परंपरा

समानार्थी शब्दांची मोजदाद ही भारतीय परंपरेला नवी नाही. अमरसिंहाच्या 'अमरकोशा'त पीडा, बाधा, व्यथा, दुःख, कष्ट, कृच्छ्र हे शब्द एकत्र आले आहेत. विशेष म्हणजे ते प्रथम कांडातील नरकवर्गात आलेले आहेत. छंदाच्या मोजक्या अक्षरांत पर्यायी शब्द बसवणारा कोशकार आणि मोजक्या चौकोनांत ते बसवणारा शब्दकोडेकार यांच्यात एक दूरचे नाते आहे. तथापि अमरकोश मुखोद्गत करणारा विद्यार्थी पुढे काव्य आणि शास्त्र यांचे अध्ययन करीत असे. तेथे त्याला शब्दांचे वेगळेपण प्रयोगातून कळत असे. शब्दकोडे सोडवणाऱ्याला पुढील आठवड्यात दुसरे शब्दकोडे मिळते.

याउलट मराठी संतसाहित्यात पीडेचे वर्गीकरण करण्याची दृष्टी दिसते. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकातील सहावा, सातवा आणि आठवा समास अनुक्रमे आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक तापांना वाहिलेला आहे. देहात उद्भवणारी दुखणी, इतर प्राणिमात्रांकडून आणि बाहेरून होणारी पीडा आणि मरणोत्तर यमयातना अशी ही विभागणी आहे. तीनही ठिकाणी शब्द 'ताप' हाच असला, तरी तो कोठून येतो हे सांगितल्याशिवाय रामदासांचे विवेचन पुढे सरकत नाही. पीडेचा उगम कोठे आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी अर्थाचाच भाग आहे. शब्दकोड्याचे सूत्र नेमका हाच प्रश्न गाळते.

क्रियापदाचा लोप

शब्दकोड्याचे सूत्र सामान्यतः नामासमोर नाम ठेवते. संकट म्हणजे आपत्ती, त्रास म्हणजे पीडा, कष्ट म्हणजे क्लेश. मराठीच्या प्रकृतीचा विचार करता पीडावाचक नामाचा अर्थ बऱ्याच अंशी त्याच्यासोबतच्या क्रियापदात साठवलेला असतो. संकट येते, ओढवते, कोसळते. यातना भोगाव्या लागतात. झळ लागते, चटका बसतो, घोर लागतो. शुक्लकाष्ठ मागे लागते. गंडांतर येते आणि टळते. खस्ता तर केवळ खाल्ल्याच जातात.

येथे परस्परांच्या जागी बसण्याची कसोटी लावून पाहावी. 'आईने मुलांसाठी खस्ता खाल्ल्या' या वाक्यात 'संकट' घातल्यास 'आईने मुलांसाठी संकट खाल्ले' असे हास्यास्पद वाक्य तयार होते. 'कष्ट' घातले तरी 'खाल्ले' चालत नाही. 'कष्ट उपसले' किंवा 'काढले' म्हणावे लागते. 'खस्ता' या शब्दाला न्याय देणारे एका शब्दाचे सूत्र जवळजवळ अशक्य आहे.

'कष्ट' या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. कष्ट पडतात तेव्हा तो त्रास असतो. कष्ट केले जातात तेव्हा ते श्रम असतात. पहिल्या प्रयोगात माणूस सोसणारा आहे, दुसऱ्यात तो कर्ता आहे. 'कष्टकरी' या शब्दाला मराठी सामाजिक विचारात जे प्रतिष्ठेचे स्थान मिळाले, ते दुसऱ्या प्रयोगाच्या बळावर. 'त्रास' किंवा 'क्लेश' असे सूत्र देऊन 'कष्ट' हे उत्तर मागणारे कोडे या शब्दाचा अर्धा संसार बाहेर ठेवते.

काही शब्दांचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. 'हाल' हा अरबी शब्द मुळात केवळ 'स्थिती' या अर्थाचा. 'हालहवाल विचारणे' या प्रयोगात तो अर्थ आजही शिल्लक आहे. परंतु 'हाल होतात' म्हटले की स्थिती वाईटच असते. 'दशा' आणि 'प्रसंग' यांचेही तसेच. 'दशा' म्हणजे अवस्था, पण 'काय ही दशा!' यात दुर्दशाच अभिप्रेत असते. प्रसंग कोणताही असू शकतो, पण प्रसंग 'ओढवला' की तो संकटाचा. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भय, 'संकट' म्हणजे अरुंद किंवा दाटीचे. मराठीने हे शब्द वापरून वापरून आपल्या दुःखाच्या मापाचे करून घेतले आहेत. हा प्रवास वाक्यांतून झालेला आहे. वाक्याशिवाय तो समजत नाही.

कर्त्याचा लोप

क्रियापद गेले की त्याच्या पाठोपाठ कर्ताही जातो. हा या चिकित्सेतील सर्वांत गंभीर मुद्दा होय.

संकटाला कर्ता नसतो. ते येते. जाचाला मात्र कर्ता असतो. जाच कोणीतरी करतो आणि कोणालातरी होतो. 'छळ' या शब्दात तर हेतूही सामावलेला आहे. 'हेळसांड' करणारा कोणीतरी असतो, तर 'आबाळ' होते ती लक्ष द्यायला कोणी नसल्यामुळे. 'फरफट' म्हटले की फरफटत नेणारा अध्याहृत असतो. 'ससेहोलपट' या शब्दात पाठलागाने सैरावैरा धावणारा ससा दिसतो, म्हणजे मागे शिकारीही आहे. या सर्वांसमोर 'त्रास' किंवा 'संकट' हे एकच सूत्र ठेवले, की शिकारी चित्रातून पुसला जातो.

ही केवळ कोशातील बाब नाही. सासरी नांदणाऱ्या मुलीविषयी 'तिला तिकडे जरा त्रास आहे' असे माहेरी बोलले जाते, तेव्हा 'त्रास' हा शब्द पांघरूण म्हणून वापरलेला असतो. 'जाच' म्हटले तर कोणाचा, हे सांगावे लागते. 'छळ' म्हटले तर काहीतरी करावे लागते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ व ८६ यांनी घेतली. या तरतुदींत पती आणि त्याचे नातेवाईक हे कर्ते म्हणून स्पष्टपणे येतात. 'त्रास' ते 'छळ' हे अंतर एका स्त्रीला कापावे लागते, तेव्हा ते दोन शब्दांतील अंतर राहत नाही. शब्दकोड्यात मात्र 'त्रास (दोन अक्षरे)' या सूत्राचे उत्तर 'जाच' की 'छळ' की 'ताप', हे शेजारच्या चौकोनावर अवलंबून असते.

सार्वजनिक जीवनातही असेच उदाहरण सापडते. 'टंचाई' आणि 'दुष्काळ' हे दोन्ही शब्द तीन अक्षरांचे आहेत. शब्दकोड्यात एकाच सूत्राने दोन्ही मागता येतील. परंतु ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रथम १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर केला. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळविषयक संहितेनुसार पर्जन्यमान, पेरणी, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांची तपासणी करूनच हा शब्द वापरता येतो. 'सदृश' या तीन अक्षरांत शेतकऱ्याची वाट पाहण्याची मुदत दडलेली असते. शासनदरबारी कोणतेही दोन पीडावाचक शब्द समानार्थी नसतात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

देशी शब्दांची उपेक्षा

जाळ्याच्या दृष्टीने पाहता देशी वळणाचे शब्द रचनाकाराला अधिक सोयीचे आहेत. परवड, फरफट, घुसमट, तगमग, कुचंबणा, ओढाताण, ससेहोलपट या शब्दांत जोडाक्षरे नाहीत. त्यांतील प, र, ट, म, ग, ल ही अक्षरे कोणत्याही उभ्या शब्दात सहज सामावतात. उलट क्लेश, आपत्ती, शुक्लकाष्ठ यांतील 'क्ले', 'त्ती', 'ष्ठ' ही अक्षरे जुळवताना हत्ती आणि वसिष्ठ यांना पाचारण करावे लागते.

तरीही एका शब्दाच्या सूत्राला देशी शब्द पेलत नाहीत. 'परवड' म्हणजे केवळ संकट नव्हे. ज्यांचा आधार सुटला आहे अशांची सर्व बाजूंनी होणारी दैना, असे काहीसे सांगावे लागते. 'कुचंबणा' म्हणजे बोलता येत नाही आणि सहनही होत नाही अशी कोंडी. जाळे या शब्दांना आत बोलावते आणि सूत्राची शैली त्यांना दारातच अडवते. संस्कृत शब्दासमोर संस्कृत शब्द ठेवणे सोपे असते, म्हणून तोच मार्ग रूढ होतो. वाचकाचाही असा समज होत जातो की मराठीत दुःखासाठी आपदा, विपदा, व्यथा एवढेच शब्द प्रतिष्ठित आहेत.

श्लेषात्मक सूत्राची शक्यता

शब्दकोडे हा खेळ आहे, त्याच्याकडून अर्थविचाराची अपेक्षा करणे अवाजवी आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. अरिष्ट, गंडांतर, उपसर्ग यांसारखे बोलण्यातून मागे पडत चाललेले शब्द शब्दकोड्यानेच वाचकांसमोर ठेवले, हेही मान्य करावे लागेल. त्यामुळे प्रश्न खेळ बंद करण्याचा नसून सूत्र अधिक प्रामाणिक करण्याचा आहे. त्याचा मार्ग मराठीच्या प्रकृतीतच आहे. नामासमोर नाम ठेवण्याऐवजी क्रियापदासह शब्द वाचकासमोर ठेवावा.

'केले तर भाकरी, पडले तर त्रास' या सूत्राचे उत्तर 'कष्ट' हेच येईल. 'विचारला तर खुशाली, झाले तर दुर्दशा' याचे उत्तर 'हाल'. 'औषधाने उतरतो, पोराने दिला तर उतरत नाही' म्हणजे 'ताप'. 'वैद्याच्या बाटलीत औषध, घरावर आले तर संकट' या सूत्रातून 'अरिष्ट' निघते आणि दशमूलारिष्टाची आठवणही होते. संस्कृतात याच शब्दाचा मूळ अर्थ 'अक्षत, इजा न झालेला' असा आहे, हे कळल्यावर वाचकाचे कुतूहल आणखी वाढेल. 'मनाला जडते, व्याधीच्याही अगोदर येते' याचे उत्तर 'आधी'. मनोव्यथा या अर्थाचा तत्सम 'आधि' आणि 'अगोदर' या अर्थाचा 'आधी' हे दोन शब्द, ऱ्हस्व इकारान्त तत्सम शब्द दीर्घान्त लिहिण्याच्या मराठी नियमामुळे एकरूप झाले आहेत. 'आधिव्याधी' या समासातही आधी प्रथम येतेच.

अशा सूत्रांतून अक्षरे जुळण्यापूर्वीच अर्थ जुळतो. वाचकाला शब्दाचे वाक्यातील वागणे आठवावे लागते. जाच, छळ आणि हेळसांड यांसाठी 'सुनेला होतो, सांगायला गेल्यास घराची अब्रू जाते' यासारखे सूत्र रचले गेले, तर ते केवळ चातुर्य राहणार नाही.

समारोप

पीडावाचक शब्दांच्या आधारे शब्दकोड्याची चिकित्सा केली असता तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मराठीत अक्षर हे चौकोनाचे एकक असल्याने उत्तराची निवड अर्थापेक्षा अक्षरांच्या जुळणीवर अधिक अवलंबून राहते. दोन, नामासमोर नाम ठेवणाऱ्या सूत्रात क्रियापद गळते आणि मराठी पीडावाचक शब्दाचा बराचसा अर्थ त्या क्रियापदातच असतो. तीन, क्रियापदासोबत पीडा देणारा कर्ताही अदृश्य होतो आणि माणसाने माणसाला दिलेले दुःख आभाळातून पडलेल्या संकटाच्या रांगेत जाऊन बसते.

मराठीचे अध्यापन करणाऱ्यांसाठी यातून एक व्यावहारिक सूचना निघते. वर्गात 'समानार्थी शब्द सांगा' असे विचारल्यानंतर 'आता तो शब्द वाक्यात बदलून दाखवा' असेही विचारावे. 'आईने संकट खाल्ले' असे वाक्य ऐकून वर्ग हसेल. त्या हसण्यानंतर 'जाच कोण करतो?' हा पुढचा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर कोणत्याही चौकोनात मावणारे नाही.